मंत्रकालीं व्यंगांचें अपसारण

१

प्रस्तुत लेखाचा विषय संशोधकांच्या नेहमींच्या वाटेवरचा नाहीं, म्हणून आरंभींच त्याचें प्रयोजन सांगणें इष्ट आहे. आमचें वास्तव्य खेड तालुक्यांतील कुरुळी या गांवीं, पुणें-नाशिक हमरस्त्यावर मोशी आणि चाकण यांच्या दरम्यान आहे. इकडे येणारे इतिहासभक्त बहुधा चाकणचा संग्रामदुर्ग पाहण्यासाठीं येतात. इ. स. १६६० त फिरंगोजी नरसाळा यानें शाएस्तेखानाच्या सैन्याविरुद्ध तो सुमारें दोन महिने कसा झुंजविला, हें पडक्या तटाजवळ उभे राहून ते एकमेकांस सांगतात. त्या वेढ्यांत ज्यांचे हातपाय गेले, डोळे गेले, त्या शिपायांचें पुढें काय झालें, हा प्रश्न मात्र आम्हांस आजवर कोणी विचारल्याचें स्मरत नाहीं. आम्हीं स्वतःही तो कोणास विचारला नव्हता.

ज्यांचें शरीर अथवा इंद्रिय विकल आहे अशा माणसांस आपल्या समाजानें अन्न दिलें कीं नाहीं, याचा विचार पुष्कळांनीं केला आहे. येथें कर्तव्य आहे तो विचार निराळा. राज्याचें धोरण ठरत असतां या माणसांचें, आणि त्यांतही त्यांच्यांतील मुलांचें व तरुणांचें, म्हणणें ऐकण्याची चाल होती काय. नव्हती तर कोणत्या कारणानें. आणि आज ती कोठवर येऊन पोंचली आहे, एवढेंच पाहावयाचें आहे.

२

या प्रश्नाचें सर्वांत स्पष्ट उत्तर मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत मिळतें. राजानें पर्वताच्या माथ्यावर, प्रासादांत एकांतीं किंवा निर्जन अरण्यांत बसून मंत्र करावा, असें सांगून स्मृतिकार १४९ व्या श्लोकांत मंत्रकालीं कोणास दूर सारावें याची यादी देतो. येथें मंत्र म्हणजे वेदांतील ऋचा नव्हे, तर राज्याचें धोरण ठरविण्याची मसलत. त्या यादींत जड, मूक, अंध, बधिर, पशुपक्षी, अतिवृद्ध, स्त्रिया, म्लेच्छ, व्याधिग्रस्त आणि व्यंग इतके आहेत. सरकारी धोरणांत अपंगांचा आवाज असावा, असें आज आपण म्हणतों. त्याच्या नेमका उलट असा हा विधि आहे.

परंतु वाचकांनीं लगेच पुढचा १५० वा श्लोकही वाचावा. तेथें या अपसारणाचें कारण दिलें आहे, आणि तें आम्हांस अतिशय बोलकें वाटतें. हीं माणसें अवमत, म्हणजे अवमानिलेलीं असल्यामुळें मंत्र फोडतात, असें स्मृतिकार म्हणतो. त्यांना मसलत कळत नाहीं असें तो म्हणत नाहीं; आणि तसें म्हणणें त्यास शक्यही नव्हतें, कारण ज्यास मसलत कळतच नाहीं त्याच्याकडून ती फुटणार कशी? म्हणजे त्यांची समज येथें गृहीतच आहे, शंका आहे ती त्यांच्या निष्ठेविषयीं. आणि ती शंका कां? तर आपण त्यांचा अवमान केला आहे हें आपणांस ठाऊक आहे म्हणून. अपराध एकाचा आणि दाराबाहेर दुसरा, असा हा न्याय झाला.

कौटिलीय अर्थशास्त्राची या ठिकाणीं जोड मिळते. म्हैसूरच्या ग्रंथालयांत आलेल्या हस्तलिखितावरून शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं तो ग्रंथ प्रसिद्ध केला, हें संग्राहकांस सांगावयास नको. त्याच्या पहिल्या अधिकरणांत कुबडे, ठेंगू, मुके, बहिरे, जड व आंधळे यांचें सोंग घेतलेले हेर घरांत पेरण्यास सांगितलें आहे. मुक्याबहिऱ्यांदेखत लोक मोकळेपणीं बोलतात, हें कौटिल्यास ठाऊक होतें. ज्यांच्या असण्याची कोणी दखलही घेत नाहीं, त्यांच्या वेषांत सर्व कांहीं ऐकतां येतें. अशा हेरांचें भय असल्यावर खरे मुके व बहिरेही दाराबाहेर गेले असल्यास नवल नाहीं.

३

मंत्रांतील हा बहिष्कार एकटा नव्हता. आठव्या अध्यायाच्या ६६ व्या श्लोकांत साक्षीदार कोणास करूं नये हें सांगतांना वृद्ध, शिशु आणि विकलेंद्रिय हे तिघे एकाच ओळींत येतात. विकलेंद्रिय बालक घेतलें तर तें दोन पदांनीं असाक्षी ठरतें. नवव्या अध्यायाच्या २०१ व्या श्लोकांत जन्मांध, बधिर, उन्मत्त, जड, मूक इत्यादिकांस अनंश, म्हणजे वडिलार्जित धनांत वांटा नसलेले, ठरविलें आहे. याज्ञवल्क्यानेंही दायविभागांत तेंच सांगून पांगळ्याची भर घातली आहे. असे दाय, साक्ष्य आणि मंत्र हे तीन दरवाजे झाले, आणि तिन्ही बंद होते.

तथापि एका अंगाचें लिहून दुसरें अंग झांकणें योग्य नव्हे. नवव्या अध्यायांत लगेच या सर्वांस यावज्जीव अन्नवस्त्र देणें न्याय्य आहे आणि न देणारा पतित होतो, असें बजाविलें आहे. त्यांच्या संततीस वांटाही दिला आहे. अर्थशास्त्रांत काण्यास काणा, लंगड्यास लंगडा म्हणून हिणविणाऱ्यास, तें खरें असलें तरी, तीन पण दंड सांगितला आहे. आणि त्यास उपरोधानें सुंदर डोळ्यांचा म्हणणाऱ्यास बारा पण. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळीं विज्ञानेश्वरानें लिहिलेल्या मिताक्षरेंत असा निर्णय आहे कीं, वांटणीनंतर औषधानें दोष गेला तर त्या मनुष्यास त्याचा वांटा द्यावा. महाराष्ट्रांत दायाच्या बाबतींत मिताक्षरा आणि मूळच्या पैठणकर भट्टकुलांतील नीलकंठाचा व्यवहारमयूख हेच ग्रंथ प्रमाण मानले जात.

म्हणजे निर्दयपणाचा आरोप येथें सरसकट करतां येत नाहीं. भाकरी दिली, अब्रू राखली, औषधाची वाट पाहिली. दिला नाहीं तो फक्त शब्द. आणि अन्न देण्याच्या त्या विधींतही स्मृतिकारानें एक पद घातलें आहे, ‘शक्त्या’, म्हणजे देणाराच्या ऐपतीप्रमाणें. हें पद वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें तें पुन्हां भेटणार आहे.

४

स्मृतीचा विधि म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार नव्हे, हें या पत्राच्या वाचकांस ठाऊकच आहे. म्हणून उलट बाजूचीं दोन प्रमाणें पुढें मांडतों.

पहिलें महाभारताच्या वनपर्वांतील अष्टावक्राचें. आठ ठिकाणीं वांकलेल्या शरीराचा हा मुलगा बारा वर्षांचा असतां जनकाच्या यज्ञमंडपाशीं येतो. द्वारपाल त्यास अडवितो. त्याची हरकत मुलाच्या शरीराविषयीं नसून वयाविषयीं आहे. हा वृद्धांचा व विद्वानांचा प्रवेश आहे, बालकांचा नव्हे, असें त्याचें म्हणणें. केंस पांढरे झाल्यानें कोणी वडील होत नाहीं, या आशयाचें उत्तर देऊन मुलगा त्यास निरुत्तर करतो, आंत जातो आणि बंदी नांवाच्या पंडितास वादांत जिंकतो. राजसभेंत व्यंग मुलाचा शब्द चालला याचें हें आपल्या वाङ्मयांतील ठळक उदाहरण. पण या कथेंतही दोन गोष्टी खटकतात. अष्टावक्रास प्रवेश मिळाला तो हक्कानें नव्हे, द्वारपालास जिंकून. ज्या व्यंग मुलास अशी वाणी नाहीं त्यानें काय करावें, याचें उत्तर कथेंत नाहीं. आणि शेवटीं, प्रचलित पाठाप्रमाणें, समंगा नदींत स्नान केल्यावर त्याचें शरीर सरळ होतें. सभा जिंकणारा मुलगा वांकडाच घरीं पाठवावा, हें कथाकारास रुचलें नसावें.

दुसरें प्रमाण आपल्या रोजच्या हाताळणींतलें आहे. महजर आणि निवाडपत्रें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस गोतांच्या साक्षींखालच्या निशाण्या परिचित आहेत. पाटलास लिहितां येत नसे, म्हणून त्याच्या नांवाशीं नांगर काढीत. बलुतेदारांच्या नांवांशीं त्यांच्या त्यांच्या हत्यारांच्या खुणा असत. अक्षर येत नाहीं एवढ्या कारणानें पाटील असाक्षी झाला नाहीं. त्याचें म्हणणें कुळकर्ण्यानें लिहिलें, त्यानें नांगर केला, आणि तो कागद दिवाणांत चालला. बोलणाराच्या अडचणीप्रमाणें शब्दाचें रूप बदलूं द्यावें, ही युक्ति आपल्या गांवगाड्यास पूर्णपणें अवगत होती. ज्या समाजानें नांगराच्या चित्रास साक्ष मानलें, त्यास मुक्याच्या खुणेस साक्ष मानणें अवघड नव्हतें. पाटलाकरितां ही सोय झाली, कारण पाटलावांचून महजर पुरा होत नव्हता. सोय शोधण्याची बुद्धि माणसाच्या गरजेमागून येते, एवढेंच यावरून दिसतें.

५

आतां हे तीन दरवाजे कोणत्या क्रमानें उघडले तें पाहूं.

पहिला उघडला तो साक्षीचा. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें, ज्यास प्रश्न समजतो व सुसंगत उत्तर देतां येतें असा कोणीही साक्षीदार होऊं शकतो, बालकसुद्धां, असें ठरविलें. मुक्यानें भर न्यायालयांत लिहून किंवा खुणेनें दिलेली साक्ष ही तोंडी साक्षच समजावी, हेंही त्यांत आलें. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. तत्त्व तेंच आहे.

दुसरा दरवाजा दायाचा. १९२८ च्या बाराव्या कायद्यानें हिंदूंच्या वारसांतून व्यंगाच्या कारणानें कोणास वगळण्याची रीति बंद केली. दायभागाच्या अनुयायांस तो लागू नव्हता, आणि जन्मापासून वेडा किंवा जड असलेला मनुष्य त्यानेंही बाहेरच ठेवला. ती उणीव १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमानें भरून निघाली.

याच काळांत सरकारनें या माणसांची मोजणीही केली. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या खानेसुमारींत वेडे, मुकेबहिरे, आंधळे आणि कुष्ठरोगी यांचे तक्ते आहेत. १९४१ पासून तो प्रश्न गळला, १९८१ त आला, १९९१ त पुन्हां गळला आणि २००१ पासून परत आला. २०११ च्या मोजणींत देशांत सुमारें २ कोटी ६८ लक्ष आणि महाराष्ट्रांत सुमारें २९.६ लक्ष अपंग नोंदले गेले. मोजणें आणि विचारणें या मात्र दोन भिन्न क्रिया आहेत. जनावरांचीही गणति होते; त्यांचा सल्ला कोणी घेत नाहीं. मनूनें या माणसांच्या यादींत पशुपक्षी घातले होते, त्याची येथें आठवण होते.

६

तिसरा दरवाजा मंत्राचा. तो सर्वांत शेवटीं हलला, आणि बाहेरून ढकलल्यामुळें हलला.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस एका लिपीचा इतिहास येथें उपयोगी पडेल. पॅरिस येथील अंधांच्या संस्थेंत डोळस शिक्षकांनीं आंधळ्या मुलांसाठीं नेहमींचींच रोमन अक्षरें कागदावर उठावदार करून ठेवलीं होतीं. डोळ्यांस तीं सुबक दिसत, बोटांस मात्र लौकर उमगत नसत. त्या संस्थेंतील लुई ब्रेल या आंधळ्या विद्यार्थ्यानें १८२४ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, सहा टिंबांची लिपि सिद्ध केली आणि १८२९ सालीं ती छापली. त्याच संस्थेनें ती अधिकृतपणें स्वीकारली १८५४ त. त्यापूर्वीं दोन वर्षें ब्रेल वारला होता. ज्यांच्याकरितां धोरण, त्यांच्या बोटांस न विचारल्यामुळें किती वर्षें फुकट गेलीं, त्याचा हा हिशेब आहे.

आपल्या देशांत १९५१ सालीं भारतीय भाषांसाठीं भारती ब्रेल ही एकरूप लिपि ठरली. या कार्यांत ज्यांचा भाग होता ते लाल अडवाणी स्वतः अंध होते. त्यांचा जन्म १९२३ चा. १९४७ सालीं ते केंद्रीय शिक्षणखात्यांत आले. अपंग तरुणास मसलतीच्या खोलींत बसविल्यानें काय लाभ होतो याचें हें आपल्याकडील उदाहरण आहे. पुढें डिसेंबर १९९५ त चाकांच्या खुर्चीवर बसणारे जावेद आबिदी आणि त्यांचे सोबती दिल्लींत रस्त्यावर उतरले. आबिदी तेव्हां तिशींतले होते. त्याच महिन्यांत संसदेनें अपंग व्यक्तींचा पहिला सर्वंकष कायदा मंजूर केला. त्या कायद्यानें केंद्रीय समन्वय समितींत पांच जागा ठेविल्या. त्या शक्यतोंवर अपंगांस द्याव्या, असें म्हटलें.

१३ डिसेंबर २००६ रोजीं संयुक्त राष्ट्रसंघानें अपंगांच्या हक्कांचा करार संमत केला. त्याच्या चौथ्या कलमांत, धोरण ठरवितांना अपंगांशीं व अपंग मुलांशींही त्यांच्या संघटनांमार्फत विचारविनिमय करावा, असें आहे. सातव्यांत अपंग मुलांस आपलें मत मांडण्याचा हक्क आहे. भारतानें तो करार १ ऑक्टोबर २००७ रोजीं मान्य केला. त्यास अनुसरून झालेला २०१६ चा दिव्यांग व्यक्ति हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या चौथ्या कलमांत अपंग मुलांस त्यांच्याशीं संबंध असलेल्या सर्व बाबींत मोकळेपणीं मत सांगतां यावें आणि त्यासाठीं त्यांस वयाप्रमाणें व व्यंगाप्रमाणें साहाय्य मिळावें, हें शासनाचें आणि स्थानिक संस्थांचें कर्तव्य ठरविलें आहे. आमच्या मतें मनूच्या १४९ व्या श्लोकास राज्यानें लेखी दिलेलें हेंच खरें उत्तर होय.

आतां ‘शक्त्या’ या पदाकडे वळूं. २०१६ च्या कायद्याप्रमाणें केंद्राच्या आणि राज्याच्या सल्लागार मंडळांत संस्था-संघटनांच्या दहा प्रतिनिधींच्या जागा आहेत, आणि ते प्रतिनिधि शक्यतोंवर अपंग असावे. पांचांचे दहा झाले, पण ‘शक्यतोंवर’ तसेंच राहिलें. स्मृतींतील ‘शक्त्या’ आणि कायद्यांतील ‘शक्यतोंवर’ हीं दोन्ही एकाच धातूचीं अपत्यें आहेत, आणि दोहोंचें कामही एकच आहे: देणाराच्या हातीं कडी ठेवणें. त्या दहांत स्त्रियांस, अनुसूचित जातींस व जमातींस जागा राखल्या आहेत. तरुणांस एकही नाहीं. फार काय, ‘दिव्यांग’ हें नांवही वरूनच आलें, आणि अपंगांच्या कित्येक संघटनांनीं त्यास हरकत घेतली. नामकरणाच्या वेळींही ज्याचें नांव तो बाहेरच होता.

७

हा सर्व विचार आपल्या गांवाच्या वेशीपर्यंत आणून पाहिला पाहिजे. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यांत कुरुळी, चिंबळी, निघोजे अशा गांवांभोंवतीं कारखाने उभे राहिले. महाराष्ट्रांत स्थानिक स्वराज्य संस्थांनीं स्वतःच्या उत्पन्नांतून पांच टक्के रक्कम अपंगांसाठीं खर्च करावी, असा शासनाचा आदेश आहे. डिसेंबर २०२२ त राज्यानें दिव्यांग कल्याणाचें स्वतंत्र खातेंही निर्माण केलें. स्मृतीनें सांगितलेलें ग्रासाच्छादन आज पैशांच्या रूपानें चालूं आहे, आणि तें चांगलेंच आहे.

परंतु ती रक्कम कशावर खर्च व्हावी, हें ज्या ग्रामसभेंत निघावयाचें, तिचे सभासद म्हणजे मतदारयादींत नांव असलेले लोक. सोळा वर्षांची आंधळी मुलगी त्या यादींत नाहीं. आणि न्यायालयानें विकृतमनस्क ठरविलेला मनुष्य १९५० च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याप्रमाणें कोणत्याच वयांत त्या यादींत येत नाहीं. मनूच्या यादींतील शिशु आणि जड हे दोघे अद्याप पायरीवरच आहेत. पैसा कुबडीवर घालावा, कीं शाळेच्या उतरणीवर, कीं बोलक्या पुस्तकांवर, हें त्यांच्यावांचून ठरतें.

येथून जवळच, आळंदीस, नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेच्या महाराष्ट्र शाखेची जागृति ही अंध मुलींची शाळा आहे. हें फेडरेशन अंधांनीं स्वतः चालविलेलें आहे. अशा शाळा जवळ असतां, ज्यांना विचारावें त्या मुली सांपडत नाहींत, ही सबब आमच्या भागांत तरी कोणास सांगतां येणार नाहीं.

८

शेवटीं एका अप्रसिद्ध कागदाचा उल्लेख करणें प्राप्त आहे. तो कागद आमच्याच हातचा आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्ही एका शाळेंत संस्कृत शिकवीत असूं. तेथें नववींत एक मुलगा होता. पोलिओनें त्याचे दोन्ही पाय गेले होते. विज्ञानाची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती. त्याच्याविषयीं विचार करण्यास शिक्षकांची सभा भरली. इतिवृत्त लिहिण्याचें काम आमच्याकडे होतें. सभेंत सहानुभूतीचें बोलणें झालें आणि त्या मुलास प्रयोगांतून सूट द्यावी, असें एकमतानें ठरलें. तो त्या वेळीं दाराबाहेर बांकावर बसलेला होता. निर्णय त्यास आम्हींच जाऊन सांगितला. तो कांहीं बोलला नाहीं.

पुढें मोठा झाल्यावर तो एकदां भेटावयास आला. बोलतां बोलतां म्हणाला, “गुरुजी, मला सूट नको होती. जिना चढायला दहा मिनिटं आधीं सोडलं असतं तरी पुरलं असतं.” आम्हीं घरीं ठेवलेली त्या इतिवृत्ताची प्रत काढून पाहिली. उपस्थितांचीं नांवें, सूचक, अनुमोदक, सर्व यथास्थित आहे. अक्षरही चांगलें आहे. त्या मुलाचें नांव तीन वेळां आलें आहे, आणि त्याचा शब्द एकही नाहीं. मनुस्मृति आम्हीं मुलांस शिकविली नव्हती. तरीही मंत्रकालीं व्यंगाचें अपसारण त्या दिवशीं आमच्याच हातून यथाविधि घडलें होतें.

९

उपसंहारादाखल इतकेंच. दायाचा दरवाजा उघडला तेव्हां या माणसांस धन मिळालें, साक्षीचा उघडला तेव्हां न्याय मिळाला. परंतु मंत्राचा दरवाजा पुरता उघडल्यावांचून पहिल्या दोहोंचा उपयोग कसा व्हावा, हें दुसरेच ठरवीत राहणार. अवमान केला म्हणून विश्वास नाहीं, आणि विश्वास नाहीं म्हणून पुन्हां अवमान, हें चक्र १५० व्या श्लोकांतच दाखविलें आहे. तें थांबविण्याचा उपायही त्यांतूनच निघतो. ज्यास मानानें बोलावून विचारलें, तो अवमत राहात नाहीं.

आमच्या विद्वान् वाचकांस एक विनंति आहे. आपापल्या संग्रहांतील महजर, करीने, वतनाचे तंटे व धर्मादायाच्या यादी पुन्हां एकदां पाहाव्या. आंधळा, पांगळा, मुका असा उल्लेख जेथें येतो, तेथें त्या माणसास कांहीं दिल्याची नोंद आहे, कीं त्यानें कांहीं म्हटल्याची, हें तपासावें. म्हटल्याची एक जरी नोंद सांपडली, तरी ती प्रसिद्ध करावी. आणि ज्यांच्या हातीं आजचीं इतिवृत्तें लिहिण्याचें काम आहे, त्यांनीं लेखणी उचलण्यापूर्वीं दाराबाहेरच्या बांकावर कोण बसलें आहे, तें एकदां पाहून यावें. इत्यलम्.